चौघांचा एकच स्वल्पविराम

मत्तयाच्या मते येशूच्या कबरीपाशी देवदूत एक होता, योहानाच्या मते दोन होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसलेल्या मुद्रितशोधकाच्या मते ही प्रुफं कुणीतरी वेळेवर वाचायला हवी होती.

हे मत त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. येत्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीपुढे त्याचं भाषण होतं. ‘बायबलवर इतिहास म्हणून विश्वास ठेवता येतो का?’ हा विषय पाळकसाहेबांनी दिला होता. उत्तर ‘हो’ हे ठरलेलंच होतं, मधली अठरा पानं तेवढी भरायची होती. त्या अठरा पानांत पूर्णविराम अडकला होता. पूर्णविराम म्हणजे तोच. छापखान्यात तीस वर्षं त्याला याच नावाने ओळखत, कारण तो खोलीत आला की चालू गप्पा तिथेच संपत. आपल्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकात आजवर चूक सापडली नाही, असं तो छाती पुढे काढून सांगे. ती पुस्तकं चूक शोधण्यापुरतीही कुणी वाचली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

“भाऊजी, शेवटी देवदूत किती ठरले?” मेव्हण्याने चहात बिस्कीट बुडवत विचारलं. मेव्हणा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू तपासून तपासून त्याचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता, स्वतःच्या घरातल्या वजनकाट्यावर तर मुळीच नाही.

“दोन असतील तर त्यात एक असतोच,” पूर्णविराम म्हणाला. “मत्तयाने फक्त बोलणारा मोजला.”

“वा! उद्या दुकानदार मला म्हणेल, साहेब, पिशवीत दोन किलो आहे, तुम्ही फक्त बोलणारा किलो मोजलात.”

“ऐकून तर घे. मत्तय, मार्क, लूक, योहान, चारही शुभवर्तमानांतल्या घटना मी एका क्रमात लावतोय. चौघांचा मिळून एक सलग वृत्तांत. मग फरक उरतोच कुठे?”

“म्हणजे साक्षीदार चार होते, तुम्ही त्यांचा एक करणार. आणि वर म्हणणार, आता विश्वास ठेवा.”

पूर्णविरामाने पानं आवरून ठेवली. त्याला याहून मोठं काम होतं. बायकोला पदक मिळवून द्यायचं होतं.

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. गेल्या आठवड्यात दोघं चष्म्याच्या दुकानाकडे निघाली होती. उताराच्या गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर समोरच्या दुकानात चहा पीत होता. तो चहा पीत असतानाच टँकर आपला आपण निघाला. खाली बालवाडीची मुलं एकमेकांचे शर्ट धरून रस्ता ओलांडत होती. बायकोने टँकरबरोबर पळत डावीकडचं दार उघडलं, आत उडी मारली आणि सवयीने पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो. टँकरमध्ये नव्हता. मग ती सीटवरून घसरत पलीकडे गेली, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, आणि टँकर मुलांच्या अलीकडे एका कचरापेटीला मिठी मारून थांबला. खाली उतरून तिने धापा टाकत आलेल्या ड्रायव्हरला विचारलं, “लायसन्स कुणी दिलं?” आणि ती चष्म्याच्या दुकानात गेली, कारण तिथली वेळ घेतलेली होती.

अग्निशमन केंद्र दर वर्षी एका नागरिकाला शौर्यपदक देत असे. अर्ज पूर्णविरामाने केला.

“अहो, ब्रेक तर लावला,” बायको म्हणाली. “रोजचंच आहे माझं.”

“तुला काय कळतंय त्यातलं,” तो म्हणाला. अभिमानाने त्याला तीन दिवस जेवण जात नव्हतं.

अर्जाबरोबर प्रत्यक्ष पाहणाऱ्या चौघांचे लेखी जबाब हवे होते. तेही मिळाले. पूर्णविरामाने ते एका बैठकीत वाचले आणि त्याला घाम फुटला.

उतारावरच्या शिंप्याने लिहिलं होतं, टँकर हिरवा, लांबी अंदाजे दोनशे चाळीस इंच, मुलं नऊ, पैकी एकाचा गणवेश कमरेत सैल. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांच्या मते टँकर निळा, मुलं बारा, आणि ‘या संपूर्ण काळात माझ्या चिमट्यात पेशंटची दाढ होती, ती मी सोडली नाही.’ टँकरच्या ड्रायव्हरने हँडब्रेक आपण लावलाच होता यावर दीड पान खर्च केलं होतं, आणि शेवटच्या ओळीत ‘बाईंनी तो परत लावला’ एवढं कबूल केलं होतं. सासूबाई त्याच गल्लीत राहत. त्यांनी सगळं बाल्कनीतून पाहिलं होतं आणि सुरुवात मुलीच्या जन्मापासून केली होती.

हेही एक वेळ चाललं असतं. पण चौघांनी, कुणी विचारलं नसताना, आणखी एक गोष्ट लिहिली होती. टँकर सुटल्याबरोबर नवरा पळाला.

शिंप्याच्या मते तो कपडे घालून बघायच्या पडद्यामागे शिरला. ‘पडद्याखालून पाय दिसत होते. पँट दोन इंच आखूड आहे.’ डॉक्टरीणबाईंच्या मते तो विजेच्या खांबामागे उभा राहिला, ‘पण खांब पुरत नव्हता.’ ड्रायव्हरच्या मते तो चहाच्या दुकानात ‘माझ्याच बाकाखाली’ आला. सासूबाईंना जावईबापू कुठे गेले ते दिसलं नव्हतं, मात्र ‘मी लग्नाच्या वेळीच बोलले होते’ अशी नोंद होती.

पूर्णविरामाने लाल पेन उचललं. तीस वर्षांचा हात तो. टँकर निळसर हिरवा झाला. नऊ आणि बारा यांची सरासरी साडेदहा आली, अर्धं मूल बरं दिसणार नाही म्हणून मुलं अकरा झाली. दाढ गेली, इंच गेले, सासूबाईंची पहिली तीन पानं गेली. नवऱ्याबद्दलची वाक्यं ‘मूळ विषयाशी संबंध नाही’ म्हणून चारही ठिकाणी गेली. मग त्याने चारही जबाब स्वच्छ टाइप करून आणले आणि सह्या घ्यायला निघाला.

“माझे इंच कुठायत?” शिंप्याने विचारलं.

“इंचांची गरज नाही.”

“मग मी पाहिलं काय?” असं म्हणून त्याने सही केली.

“जावईबापू, यात मी कुठे आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“खाली, आई. सहीत.”

शुक्रवारी अग्निशमन अधिकाऱ्याने चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिला पूर्ण वाचला. दुसरा अर्धा वाचला. उरलेल्या दोघांच्या ओळी नुसत्या बोटाने जुळवून पाहिल्या.

“कुणी लिहिले हे?”

“चौघांनी. स्वतंत्रपणे.”

“चौघांनीही ‘तत्क्षणी’नंतर स्वल्पविराम दिलाय.”

“द्यायलाच हवा,” पूर्णविराम म्हणाला, आणि त्याला हसूही आलं. इतक्या वर्षांत स्वल्पविरामाची दखल घेणारा हा पहिलाच माणूस.

“टँकरचा ड्रायव्हर तुम्हाला ‘तत्क्षणी’ म्हणाला?”

पूर्णविरामाचं हसू जागच्या जागी राहिलं.

“हे बघा,” अधिकारी म्हणाला, “वीस वर्षं मी आग विझल्यावर लोकांना विचारत फिरतोय, कशी लागली म्हणून. एका खोलीतली दोन माणसं दोन आगी सांगतात. एकाला धूर काळा दिसतो, एकाला पांढरा. पण आग दोघांनाही दिसलेली असते. ज्या दिवशी चार माणसं शब्दाला शब्द एकच आग सांगतात, त्या दिवशी मी रॉकेलचा डबा शोधायला लागतो.” त्याने कागद गोळा करून परत दिले. “उद्या बारापर्यंत खरे जबाब आणा. नाही आणलेत, तर फाइलवर ‘बनावट’ असा शेरा जाईल. तुमच्या बायकोच्या नावापुढे.”

खरे जबाब घरीच होते. पुस्तक छापून हातात येईपर्यंत मूळ हस्तलिखित फेकायचं नाही, हा छापखान्याचा नियम पूर्णविराम घरीही पाळायचा, त्यामुळे त्यांचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं असून एकाच खोलीत राहता यायचं. त्याने चारही जबाब कपाटातून काढले, शेजारी कात्री ठेवली, डिंक ठेवला. नवरा पळाल्याच्या चार जागा. चार पांढऱ्या पट्ट्या. काम पाच मिनिटांचं होतं.

तेवढ्यात मेव्हणा आला. त्याने विचारल्याशिवाय कागद उचलले, कारण दुसऱ्याच्या टेबलावरच्या वस्तू उचलून बघण्याचा त्याला सरकारी पगार मिळायचा. शिंप्याचा पडदा वाचून तो हसला. खांब वाचून भिंतीला टेकला. बाकाशी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“झालं तुझं?” पूर्णविरामाने विचारलं.

“झालं,” मेव्हणा डोळे पुसत म्हणाला. “पण भाऊजी, हे खरंय. शंभर टक्के.”

“तुझा तर कशावर विश्वास नसतो.”

“यावर आहे. चौघांचं कशातच जमत नाही आणि नेमकं तुम्ही पळालात यात जमतंय. शिवाय कागद निघाला तुमच्याच कपाटातून, तुमच्याच विरुद्ध. असा बनावट माल कोण ठेवतं हो? खोटं वजन करणारा दुकानदार काटा स्वतःकडे झुकवतो, गिऱ्हाइकाकडे नाही.”

पूर्णविरामाने कात्री बाजूला सारली आणि बायबल ओढून घेतलं. पेत्र. येशूचा शिष्य, पुढे ख्रिस्ती मंडळीचा आधार झालेला माणूस. तोच, येशूला पकडून नेल्यावर, ऐन वेळी एका दासीला घाबरून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो, आणि हे एकाने नाही, चौघांनीही लिहून ठेवलंय. बाकीचे शिष्य तर त्याआधीच, अटक होताच, बागेतून पसार.

“यांनी हे खोडलं का नाही रे?” तो हळूच म्हणाला. “मी असतो तर पहिल्या वाचनातच खोडलं असतं.”

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो अग्निशमन केंद्रात गेला आणि मूळ जबाब, इंच, दाढ आणि सासूबाईंसकट, टेबलावर ठेवले. अधिकाऱ्याने ते सगळे वाचले. सासूबाईंचे दोनदा.

“हा नवरा कोण?”

“मी.”

“आणि हे तुम्ही स्वतः आणून दिलंत?”

“हो.”

अधिकारी उठून उभा राहिला आणि त्याने पूर्णविरामाचा हात हातात घेतला. “पदक मंजूर. टँकर कुठल्या रंगाचा होता ते मला कधीच कळणार नाही, पण तुमच्या बाईंनी तो थांबवला, यात मला तिळमात्र शंका नाही.”

रविवारी सभागृह भरलं होतं. पूर्णविरामाने अठरा पानं खिशातून काढलीच नाहीत. त्याने रॉकेलचा डबा सांगितला आणि मग चारही जबाब खड्या आवाजात, एकही शब्द न गाळता वाचले. पडद्यापाशी लोक हसले, खांबापाशी बाकं वाजवली, बाकापाशी पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. सासूबाई आपल्या तीन पानांवर पुन्हा पुन्हा मान डोलवत होत्या.

“देवदूत एक होता की दोन, मला माहीत नाही,” शेवटी तो म्हणाला. “पण दगड सरकलेला होता, कबर रिकामी होती, आणि तिथे पहिल्यांदा बायका पोचल्या. यात चौघांचं दुमत नाही. माझ्या गल्लीतल्या टँकरला दोन रंग आहेत. म्हणून तो आलाच नव्हता, असं कुणी म्हणून दाखवावं.”

मेव्हणा उभा राहिला. तो उभा राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. “मत्तय, मार्क, लूक यांच्या काही ओळी तर शब्दाला शब्द जुळतात. तिथे शोधायचा का डबा?”

“शोध की. शिंपी आणि डॉक्टरीणबाईही लिहिण्याआधी एकमेकांशी बोलले होते. पण याचे इंच तिच्याकडे गेले नाहीत आणि तिची दाढ याच्याकडे आली नाही.”

“म्हणजे सगळं सिद्ध झालं म्हणायचं?”

“सगळं नाही. मी मुद्रितशोधक आहे,” पूर्णविराम म्हणाला. “मला इतकंच सिद्ध करता येतं, की त्यांच्या हस्तलिखितावर माझ्यासारखा माणूस बसला नव्हता. देवाचे आभार.”

टाळ्या थांबेनात. मेव्हण्यानेही वाजवल्या, मात्र मोजून. मग त्याने पुन्हा हात वर केला. “भाऊजी, एकच राहिलं. तुम्ही होतात नक्की कुठे? पडद्यामागे, खांबामागे की बाकाखाली?”

पूर्णविरामाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “माझे डोळे मिटलेले होते.”

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे वळल्या. ती सावकाश उभी राहिली. पदक मंजूर झाल्याचं कळलं तेव्हाही ती इतकी ताठ उभी राहिली नव्हती.

“मलाही नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “स्टिअरिंगवर असताना मी इकडेतिकडे बघत नाही.” मग ती शेजारच्या बाईकडे वळली, आणि इतर बायका नवऱ्याची बढती सांगतात त्या सुरात म्हणाली, “पण पळाले एवढं नक्की. चौघांनी पाहिलंय.”