हुरडा पार्टीची अध्यक्ष

आमच्या लासूर स्टेशनात अर्ज लिहावा तर बद्रीनाथ गुरुजींनीच! हे मी नाही म्हणत, गाव म्हणतं. गाव विसरलं तर मी आठवण करून देतो. रेशन कार्ड असो, विहिरीची मोटार असो, माझा अर्ज कधी परत आला नाही. म्हणून शेजारच्या सगीराबी कागद घेऊन ओट्यावर आल्या, तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो.

"गुरुजी, शमशादला बोलवायचंय. हुरड्याला."

शमशाद म्हणजे त्यांची धाकटी बहीण. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी कराचीला दिली. आपण लेक जालन्याला देतो तशीच दिली हो, फक्त जरा लांब! पुढं सरहद्द आवळत गेली आणि तीस वर्षांत माहेरपण झालं एकदा. दर पत्रात तिचा एकच प्रश्न, वावरात अजून हुरड्याची आगटी पेटते का?

"तिची नजर चाललीय, गुरुजी. पुरती जायच्या आत एकदा वावर बघू द्या तिला."

व्हिसासाठी इकडून बोलावणं जोडायचं होतं. मी ते झोकात इंग्रजीत लिहिलं. मुक्काम: लासूर स्टेशन. येण्याचं कारण: हुरडा पार्टी.

महिनाभरात हवालदार दारात! कोकणातून नुकताच बदलून आलेला. त्यानं वही उघडून सगीराबींना विचारलं,

"या हुरडा पार्टीचा अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष? ज्याचं वावर तोच म्होरक्या. म्हंजी मीच की!"

"सभासद किती?"

"पन्नास तरी. दरसाल वाढतेत!"

"जमता कुठे?"

"वावरात. पेटवायचं बी तिथंच."

पेन्सिल थांबली. "काय पेटवता?"

"आगटी! पेटवल्याबिगर काय मजा हाय व्हय?"

मी उलट्यासुलट्या चपला घालून धावलो. "साहेब, पक्ष नाही, ज्वारी! कोवळी ज्वारी!"

त्याला पटेना. शेवटी वावरात नेलं, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली, तळहातावर चोळली आणि गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर पुढं ठेवले. साहेबांनी तीन ताटल्या संपवल्या आणि नाक पुसत अहवाल लिहिला, 'पार्टी निरुपद्रवी. चटणी तिखट.'

जिंकलो! सगीराबींनी नवी गोधडी उन्हात घातली. शमशादची उशी कुठल्या बाजूला ठेवायची, हेही ठरलं.

चैत्रात उत्तर आलं. 'कारण मान्य. मात्र पाहुणीस रेल्वे स्टेशनवर मुक्काम करता येणार नाही. सबब अर्ज नामंजूर.'

आता गावाचं नावच स्टेशन, त्याला मी काय करू! "पुन्हा लिहू," मी म्हणालो. पण ज्वारी केव्हाच पोत्यात गेली होती. आणि कराचीचं ताजं पत्र नातीच्या अक्षरात होतं. शमशादला आता लिहायलाही दिसत नव्हतं. सगीराबींनी गोधडीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आडत बाजाराचा राखणदार दिलबहादूर निरोप घ्यायला आला. डोक्यावर पत्र्याची पेटी. दर उन्हाळ्यात नेपाळला जातो.

"सरहदीवर फारम कंचं भरतोस रं?" सगीराबींनी विचारलं.

"कुछ नहीं, खाला. चालत जातो. शेजारचाच मुलूख."

"कुणी इचारत नाय, कशाला आलास म्हणून?"

"विचारलं तर सांगतो, घरी चाललो."

शमशादलाही एवढंच सांगायचं होतं. तेवढं सांगायला इंग्रजी कशाला हवं होतं?

सगीराबी त्या पेटीकडं बघत राहिल्या. पेटी वळणाआड गेली, तरी बघत राहिल्या. मग पदरानं डोळे टिपून माझ्याकडं वळल्या.

"गुरुजी, राग मानू नका. पुढच्या साली शमशादचं फारम दिलबहादूरला लिहू द्या. त्याला लिहाया येत नाय, पण घरी पोचतो तरी!"