पडवळबाई आणि आठशे ग्रॅम

आमच्या शेजारच्या पडवळबाई लॅपटॉप तांदळात मोजतात.

हसू नका. मीही आधी हसले होते, मग महिनाभर तोच तांदूळ मला खावा लागला. सांगते सगळं.

बाईंची पद्धत अशी. दुकानात जायचं आणि लॅपटॉपला हातसुद्धा लावायचा नाही. वजन तेवढं विचारायचं. समजा दुकानदार म्हणाला, किलो-तीनशे. की घरी यायचं, डब्यातून बरोबर किलो-तीनशे इंद्रायणी काट्यावर मोजायचा, उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधायचा, अभ्रा खांद्याच्या पिशवीत टाकायचा आणि तुंगार्लीच्या धरणाचा चढ धरायचा. वर जायचं, खाली यायचं, आणि दारातच गुडघा धरून निकाल सांगायचा.

"नापास!"

"अहो बाई, दुकानातच उचलून बघावा ना," मी म्हणायची.

"दुकानात सगळंच हलकं असतं, मालूताई. वजन चढाला कळतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते लॅपटॉपपुरतं नाही बरं का. माझ्या भाचीला स्थळ आलं, मुलगा गोरागोमटा, बोलायला गोड. आम्ही सगळ्या खूश. बाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "दुकानात बघितलाय तुम्ही. चढाला कसा आहे ते विचारा." भाचीची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. वय अडुसष्ट. आडनावाला जागून अंगानं पडवळासारख्याच, लांब आणि सडसडीत. लग्न केलं नाही. आंदर मावळातल्या डोंगरावरच्या एका वाडीत बत्तीस वर्षं एकटीनं शाळा चालवली. मुलं कमी झाली, शाळा बंद झाली, बाई निवृत्त होऊन लोणावळ्यात आमच्या शेजारी दोन खोल्यांत आल्या. पण शाळा काही त्यांच्यातून बंद झाली नाही. दूधवाला दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी त्याला कारण विचारतात, आणि तो बिचारा खाली मान घालून सांगतोही.

वाडीत आता उरलीत चार घरं, आणि त्यांत सहा म्हातारी माणसं. पोरं गेली चाकणला, तळेगावला, कुणी खंडाळ्याच्या हॉटेलात. आणि वाडीत मोबाइलला रेंज नाही. एक काडी नाही. म्हणून बाईंनी स्वतःच टपाल काढलं. पोरांनी आईबापाशी बोलायचं ते फोनवर चित्रफीत करून बाईंना पाठवायचं. बाई दर गुरुवारी लोकलनं कान्ह्याला, तिथून जीपनं रस्ता संपेपर्यंत आणि पुढं तासभर पायी चढून वर जाणार, घरोघरी दाखवणार, म्हाताऱ्यांचं उत्तर भरून घेणार आणि खाली रेंजमध्ये आल्यावर ते पोरांना धाडणार.

टपाल कडक. एका पोरानं सुरुवातच केली, "आये, पैशाचं बघ." बाईंनी परत पाठवलं. वर बोलून सांगितलं, "आधी तब्येत विचार. मग पाऊसपाणी. मग तुझं रडगाणं. परत कर." पोरगा चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं परत केलं. दुसऱ्यानं भावाला शिव्या घातल्या होत्या, तेवढा भाग बाईंनी कापूनच टाकला. "भांडण टपालात बसत नाही," म्हणाल्या. कापाकापी त्या आपापल्या शिकल्या आणि हात असा बसला की काही विचारू नका.

अडचण दोन जागी आली. पहिली, फोन एवढासा आणि म्हाताऱ्यांचे डोळे गेलेले. गंगूबाई म्हणून एक आहेत, त्या म्हणायच्या, "बाई, आमचा दत्तू मुंगीयेवडा झालाय. मुंगीच बोलतीया जनू." दुसरी अडचण, बाईंचा गुडघा. डॉक्टर म्हणाले, "चढू नका. आणि चढलातच तर पाठीवर किलोच्या वर काही नको." बाईंनी त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

म्हणजे झालं असं, की पडदा मोठा हवा आणि सगळं मिळून किलोच्या आत बसायला हवं. नाही बसलं तर गुरुवार बंद. हे त्या बोलल्या नाहीत कधी, पण मला दिसत होतं. म्हणून तर मी तांदूळ खाल्ला.

बाजारात इरफानभाऊंचं दुकान आहे. माणूस गरीब गाय. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि एकेका लॅपटॉपचे गुण गायला लागला. बाई म्हणाल्या, "चार्जरसकट वजन?"

"चार्जर वेगळा असतो, बाई."

"वेगळा कसा? पाठराखीण नवरीबरोबरच येते ना? तिचं जेवण धरायला नको?"

भाऊंनी चार्जर शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. तीनशे ग्रॅम भरला. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी काही पाठराखीण मीच.

मग उठायची परीक्षा. बटण दाबायचं आणि बाईंनी बेचा पाढा सुरू करायचा. बे दाहे वीसच्या आत यंत्र जागं झालं तर हुशार. एक लॅपटॉप असा निघाला की बाई एकोणिसाच्या पाढ्यावर पोचल्या तरी तो पांढरं गोल गोल फिरवत बसलेला. "याला घरून उठवून आणावं लागेल," बाई म्हणाल्या. गिऱ्हाइकं जमली होती. एकानं तर तेरा पाचे चुकवलं म्हणून ओरडाही खाल्ला.

मग उन्हाची परीक्षा. म्हातारी माणसं ओट्यावर बसतात, तिथं दिसायला पाहिजे. बाईंनी पंधरा मिनिटांत तीन लॅपटॉप रस्त्यावर नेले. मागून इरफानभाऊ दोन्ही हात पसरून, बाळ पहिली पावलं टाकतंय तसे. एकात बाईंना स्वतःचाच चेहरा दिसला. "हा आरसा आहे. नाव लॅपटॉप लिहिलंय."

असं चार आठवडे. भाऊ शेवटी म्हणाले, "बाई, मी शेजारी तांदळाचं दुकान काढू का? निदान तेवढं तरी खपेल."

"काढ. पण इंद्रायणी ठेव. दुसऱ्या तांदळावर माझा विश्वास नाही."

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, घरबसल्या मागवतो ना." बाई म्हणाल्या, "फोटोला वजन नसतं, बाळा," आणि फोन ठेवला.

इकडं नापास झालेला तांदूळ साठत होता. तो बाई परत डब्यात टाकायच्या नाहीत, का तर चढ फिरून आलेला तांदूळ चुरतो. मग त्याचा भात, खिचडी, घावन, पुन्हा भात. आमचे हे ताटावर बसले की विचारायचे, "आज कोण नापास झालं?"

मीच एकदा म्हटलं, "बाई, मी येते ना बरोबर. मी उचलीन."

बाईंनी मला वरून खाली पाहिलं. "मालूताई, मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा दोन माणसांनी तुम्हाला उचललं होतं." खरं होतं.

एके दिवशी इरफानभाऊच घरी आले, हातात खोकं. पुण्याहून आणवलेलं. पडदा वेगळा, कीबोर्ड वेगळा, चुंबकानं एकमेकांना चिकटणारे. मागं पाय होता, उघडला की फोटोफ्रेमसारखं आपलं आपण उभं राहतं. भाऊ म्हणाले, "बाई, घरी कीबोर्ड लावा, टाइप करा, कापाकापी करा. वर जाताना नुसता पडदा न्या. आठशेला वीस कमी. बॅटरी दिवसभर जाते, पाठराखीण घरी."

बाईंनी कीबोर्ड काढला, लावला, काढला. मग म्हणाल्या, "चढाला लागताना नको तो अवयव घरी ठेवता येतो. देवाला नाही सुचलं हे." मला माझी कवळी आठवली.

बे सक बारालाच उठलं. उन्हात दिसलं. सातशे ऐंशी ग्रॅम इंद्रायणी तुंगार्लीला जाऊन आला. बाई दारात उभ्या, गुडघ्याला हात नाही. "पहिला वर्ग." त्या तांदळाचा आम्ही गोड भात केला आणि इरफानभाऊंच्या घरी डबा पाठवला. पाण्याच्या बाटलीचं काय, मी विचारलं. तर म्हणाल्या, "पाणी पोटात न्यायचं. पाठीवर कशाला?"

पहिल्या गुरुवारी मीही गेले. वैशाखाचं ऊन, पण नवं यंत्र वर कसं दिसतं ते बघायचं होतं. जीपमध्ये बाई हळूच म्हणाल्या, "दत्तूचं आलेलं नाही."

"मग गंगूबाईंना काय दाखवणार?"

"जुनंच. दिवाळीपासून तेच लावतेय. दर फोनला म्हणतो, करतो बाई, करतो. दिवाळीचं बोललाय तेवढं मी कापलंय. बाकी तब्येत, काळजी घे, ते काय कधीही चालतं. तिला कुठं कळतंय, मुंगी तर दिसते."

रस्ता संपला, आम्ही चढाला लागलो. चढच तसा होता. दोनदा बसले, उचलावं लागलं नाही, एवढं लिहून ठेवते.

गंगूबाईंनी ओटा सारवून ठेवला होता. बाईंनी पडदा मांडीवर उभा धरला, तोंड गंगूबाईंकडं, आणि स्वतः त्याच्या मागं. मी गंगूबाईंच्या शेजारी. दत्तू उगवला, आणि काय सांगू, चक्क माणसाएवढा चेहरा! गंगूबाईंनी दोन्ही हात गालाला लावले. "आगं बया! दाढी केली न्हाई व्हय मुडद्यानं!"

आणि तेव्हा मला दिसलं. दत्तूच्या डोक्यावर, खिडकीत, लालभडक आकाशकंदील. झुरमुळ्यांसकट, वाऱ्यावर हलतोय. फोनवर तो ठिपका वाटला असेल. आवाजातली दिवाळी बाईंनी कापली होती, कंदील तसाच राहिला होता. आणि बाई पडद्यामागं बसून हसतमुखानं माझ्याकडं बघतायत! मी भुवया उडवल्या. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. त्यांनीही उडवल्या.

गंगूबाई कंदिलाकडं बघत राहिल्या. मग बाईंकडं. मग म्हणाल्या, "तिकडं उनाळा लय आसंल न्हाई, बाई?"

"लय म्हणजे? घामाघूम असतो म्हणाला."

"व्हय की. दिसतंय."

थोड्या वेळानं गंगूबाईंनी मला करवंदं दाखवायला परड्यात नेलं. करवंदं चार होती. इकडंतिकडं बघून माझा हात धरला.

"कंदिलाचं बाईला बोलू नगा."

मी म्हटलं, "गंगूबाई, दत्तू करणार आहे हो नवीन—"

"करंल तवा करंल. मला काय आज कळलं व्हय? आयला पोराचं बोलनं पाठ आसतंय. तिसऱ्याच खेपंला वळाकलं, त्येच हाय म्हनून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून? न्हाई आलं म्हनलं तर बाई म्हनतील, मंग गंगूकडं काय काम. बाकीच्यांची पोरं तरी कुटं दर हप्त्याला धाडत्यात? आसंच येक-येक घर गळंल. आन् मंग बाईनं कुटं जायाचं? खाली दोन खोल्यांत येकल्याच. हितं आल्या की चार दारांत वरडत्यात, कुनाला नखं काप म्हनत्यात, कुनाला गोळी घे म्हनत्यात. हितनं जाताना तोंडावर रया आसती. येताना बघितलंत का तुमी कधी?"

मी येताना पाहिलं होतं. रोजच पाहते. आमच्या भिंतीपलीकडं संध्याकाळी रेडिओ लागतो आणि बाई त्याच्याशीच बोलतात, ते मला ऐकू येतं. आजवर मी त्याला विक्षिप्तपणा म्हणत होते.

ओट्यावरून हाक आली. "गंगूबाई! चला, दत्तूला उत्तर भरायचंय. पदर नीट घ्या, आता सगळं मोठं दिसतं."

गंगूबाई जाऊन बसल्या, पदर सारखा केला. बाईंनी पडदा समोर धरला, त्याच्या वरून त्यांचे फक्त डोळे दिसत होते. "हं, बोला. आधी तब्येत."

"दत्तू," गंगूबाई म्हणाल्या, "मी बरी हाय. तुजं बोलनं पोचलं. लय ग्वाड वाटलं. आता फुडल्या बेस्तरवारी बी यायाचं. पाऊस लागला तरी यायाचं, जपून, दमानं, हात धरून. मी हितंच बसती वाट बघत."

दत्तूसाठी होतं ते. पण त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्याच्या वरून, बाईंच्या डोळ्यांकडं बघत होत्या.

"छान," बाई म्हणाल्या. "पण पाऊसपाणी शेवटी नाही, मध्ये यायला हवं. परत करू."

"करू की," गंगूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पदर सारखा करायला लागल्या.