अडकित्त्याचं गच्च कव्हर

पाहुणे हिंगोलीच्या पुढे आल्याचा फोन आला, तेव्हा हरीश न्हाणीघरात अडकित्ता दोन्ही गुडघ्यांत धरून त्याचं कव्हर ओढत होता. कव्हर चामड्याचं होतं, त्यानंच शिवलेलं होतं, आणि दुर्दैवानं फार चांगलं शिवलेलं होतं.

अडकित्ता साधासुधा नव्हता. आखाडा बाळापूरच्या त्या घरात जेवढ्या सोयरिकी टिकल्या, त्या सगळ्यांची सुपारी याच मोराच्या तोंडाच्या लोखंडी अडकित्त्यानं फुटली होती. दुसऱ्या अडकित्त्यानं फोडलेली सुपारी टिकत नाही, असं हरीशच्या वडिलांचं, वैजनाथअप्पांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे पुरावाही होता. हरीशच्या धाकट्या बहिणीची, प्रतिक्षाची, मागची सोयरीक पाहुण्यांच्या अडकित्त्यावर ठरली आणि पत्रिका छापायच्या आधीच मोडली. तेव्हापासून प्रतिक्षा हिंगोलीच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशीही नर्सची ड्युटी मागून घेऊ लागली. तिचं झाकून ठेवलेलं ताट बघून हरीशही अर्ध्या भाकरीवर उठायचा. यंदा कनेरगाव नाक्याचा, ठिबकचं दुकान असलेला स्वप्निल तिला स्वतःहून पसंत पडला होता. आज सुपारी फुटलीच पाहिजे होती.

म्हणूनच हरीशला हौस आली. अडकित्ता फाटक्या फडक्यात गुंडाळून पाहुण्यांपुढे न्यायचा, हे काही त्याला बरं वाटेना. चामड्याच्या कामाचं त्याचं शिक्षण हिंगोलीत अमरसिंग उस्तादांकडे झालं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रापी, आरी, ठोकणी आणि जुनी शिलाई मशीन असा त्याचा संसार होता. द्वारकाआत्यानं सुरुवातीला चामडं म्हणून नाक मुरडलं, तेव्हा अप्पाच म्हणाले होते, "देवळातल्या नगाऱ्याला काय पिलास्टिक लावतेत का?" त्या एका वाक्यासाठी हरीश बापाचं सगळं ऐकून घ्यायला तयार होता.

उस्तादांनी शिकवलं होतं की बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं भिजवलं की कणकेसारखं मऊ होतं, ज्या वस्तूवर दाबावं तिचा आकार घेतं आणि वाळलं की तो सोडत नाही. वस्तू आधी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची, आणि वाळवायचं सावलीत, हेही त्यांनी शिकवलं होतं. पण कागदानं मोराची चोच नीट उठेना, म्हणून हरीशनं तो काढून टाकला. वेळ कमी म्हणून चामडं पत्र्यावर भर उन्हात ठेवलं. मोराची मान छान दिसावी म्हणून ते मानेपर्यंत आत वळवून दोन सुयांनी, मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकलं आणि वरून मेण चोळून चमकवलं. आता डोकं मोठं, मान बारीक आणि चामडं फळीसारखं टणक. अडकित्ता बाहेर येईना आणि त्याचा जबडाही उघडेना.

त्यानं उस्तादांना फोन लावला.

"मेण लावलं?" उस्तादांनी विचारलं.

"व्हय."

"प्लास्टिक?"

"न्हाई."

"मग लोखंडानं आतून चामडं काळं पडलं असंल बघ. टाके काप अन् मोकळा हो."

हरीशनं रापी उचलली, तेवढ्यात दारात द्वारकाआत्या उभी राहिली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं.

"ठेव ती खाली. नातं जोडायच्या दिवशी टाका उसवतोस व्हय रे? मागल्या बारीला काय झालं, इसरला का?"

"मग काढू कसा, आत्या?"

"तेल लाव की."

तेल लावलं. कव्हर निघालं नाही, मात्र आता ते हातात धरताही येईना. आत्यानं पदरानं धरलं, हरीशनं अडकित्त्याच्या मुठी धरल्या, दोघांनी दोन दिशांना ओढलं आणि आत्या बादलीत बसली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

बैठकीत अप्पांना नुसतं उधाण आलं होतं. चहा व्हायच्या आतच त्यांनी मुलाच्या वडिलांना, देविदासरावांना, अडकित्त्याची सगळी वंशावळ ऐकवली. "पाव्हणे, लई सुपाऱ्या फोडल्या यानं, पर एकबी नातं तुटलं न्हाई. हरीश, आण बरं."

हरीशनं तबकात हळद-कुंकू, सुपारी आणि मधोमध तो तेलकट, चमकदार मोर ठेवून तबक पुढे केलं. अप्पांनी कव्हर बघितलं आणि त्यांची छाती फुगली.

"पोरानं केलंय," ते म्हणाले आणि अडकित्ता उपसायला गेले. कव्हरही बरोबर आलं. त्यांनी पुन्हा ओढलं. मग हसून देविदासरावांकडे दिला. "मान तुमचा."

देविदासरावांनी मान स्वीकारला. ओढता ओढता त्यांचा फेटा कानावर आला आणि तेलकट अडकित्ता हातातून निसटून गादीवर पडला.

"काहून निघून नाही राहिला?" देविदासरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात शंका होती, आणि हरीशला ती ओळखीची वाटली. मागच्या खेपेलाही मोडण्याआधी असंच कुणीतरी 'काहून' म्हणालं होतं. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. प्रतिक्षा उंबऱ्याच्या आत पदर धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. आता सगळं कबूल करून टाकावं म्हणून हरीशनं तोंड उघडलं.

"निघल कसा?" ओल्या लुगड्यातली द्वारकाआत्या मागून म्हणाली. "आमच्यात तो जावयानं काढायचा असतो. पद्धत हाय. काय रे वैजनाथ?"

अप्पांनी बहिणीकडे पाहिलं, मग हरीशकडे पाहिलं.

"व्हय की," ते सावकाश म्हणाले. "निजामाच्या काळापासून हाय."

देविदासरावांचा चेहरा उजळला. "असं आधी सांगायचं ना, अप्पा. उठ रे स्वप्निल."

स्वप्निल उठला. बाह्या वर केल्या. त्यानं ओढलं, पिळलं, पायात धरलं. कपाळावर घाम आला, कान लाल झाले, पण मोर काही बधेना. बघणारे आता हसू लागले होते आणि देविदासराव मात्र अस्वस्थ होऊन मिशीवरून हात फिरवत होते, कारण आता प्रश्न घराण्याच्या इज्जतीचा झाला होता.

तेव्हा प्रतिक्षा बाहेर आली. तिच्या हातात कोमट पाण्याची परात आणि स्वच्छ टॉवेल होता.

"ओढू नका," ती म्हणाली. "सुकलेली पट्टी आमी ओढून काढत न्हाई. पेशंट वरडतो."

तिनं टॉवेल भिजवला, मोराभोवती गुंडाळला आणि स्वप्निलच्या हातात दिला. "नुसतं धरून बसा."

"किती वेळ?"

"तकलीफ व्हऊन राहिली का?" तिनं पाहुण्यांच्याच बोलीत विचारलं.

"नाही नाही," स्वप्निल घाईनं म्हणाला.

मग ती दोघं सगळ्यांदेखत परातीच्या दोन बाजूंना बसली. टॉवेल थंड झाला की ती पुन्हा बुडवून द्यायची. मेण हळूहळू सैल होत होतं. कोमट पाण्यानं चामडं नरमतं, उकळत्यानं मात्र आखडतं, एवढं हरीशला ठाऊक होतं. म्हणून आत्या उत्साहानं चहाचं आधण घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला दारातच अडवलं. परातीपाशी काय बोलणं चाललं होतं ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, पण प्रतिक्षा एकदा खळखळून हसली. ते हसणं घरात फार दिवसांनी ऐकू आलं होतं, आणि अप्पांनी उगाच उपरण्यानं नाक पुसलं.

शेवटी प्रतिक्षानं मानेशी अंगठे घातले आणि स्वप्निलनं अलगद ओढलं. उकडलेल्या शेंगेतून दाणा निघावा तसा मोर बाहेर आला. सुपारी कट्कन फुटली. हरीश भिंतीला टेकून खालीच बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते लपवलंही नाही.

जाताना देविदासरावांनी त्याला बाजूला घेतलं. "आमच्या पुतणीची सुपारी आहे पुढच्या महिन्यात. आमचा अडकित्ता धाडून देतो. असंच कव्हर पाहिजे बरं का."

ही हरीशची पहिली मोठी ऑर्डर. यावेळी त्यानं हयगय केली नाही. प्लास्टिक गुंडाळलं, कव्हर सावलीत वाळवलं, मान मोकळी ठेवली. उस्तादांनी ते हातात घेऊन दोनदा काढलं-घातलं आणि पाठ थोपटली. मात्र सुपारीच्या दिवशी कनेरगावहून देविदासरावांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"पोरा, हे तर लगेच निघालं रे. नवरदेवानं हात लावला अन् निघालं. लोकं म्हणून राहिले, ही कसली पद्धत? धाकटीच्या वेळेस तरी गच्च करून दे."

हरीशनं फोन ठेवला. बाजेवर बसलेले अप्पा सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मंग?" ते मान वर न करता म्हणाले. "तवा कसं केलं व्हतं, ते आठव बराबर. खानदानाची पद्धत हाय ती."

हरीश शेडमध्ये गेला. त्यानं नवं चामडं पाण्यात टाकलं, प्लास्टिकचा कागद घडी करून फळीवर ठेवून दिला आणि बाहेर डोकावून बघितलं. पत्रा चांगला तापला होता.