चौथा होकार

नेत्ररोगाच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टरकीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, अर्जात शिफारसपत्रांसाठी तीनच जागा होत्या, आणि ब्रिटा सोलबर्ग चार डॉक्टरांचे होकार घेऊन बसली होती. चौघांतला एक तरी नाही म्हणेल, असा तिचा अंदाज. मिनेसोटात जन्मलेल्या मुलीने असा अंदाज बांधावा म्हणजे कमालच झाली. आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ताटातली शेवटची वडीसुद्धा कुणी अख्खी उचलत नाही. येणारा तिची अर्धी कापून घेतो, पुढचा उरलेल्यातली अर्धी, आणि संध्याकाळी ताटात नखाएवढा तुकडा तसाच राहतो.

दोन पत्रं पोचली होती. उरलेल्या एका जागेवर दोघांचा हक्क होता. एक विभागप्रमुख डॉ. नायगार्ड. त्यांची सही देशभर चालायची, पण ब्रिटाशी त्यांची गाठ जेमतेम तीनदा पडलेली. दुसरे म्हातारे डॉ. ऑस्टबी. त्यांच्या सरकारी दवाखान्यात तिने आठ आठवडे रुग्णांच्या पापण्या धरल्या होत्या. अर्ज शुक्रवारी पाचला बंद होणार होता आणि गुरुवारची दुपार उलटत आली होती. त्यात आलेलं पत्र पोर्टलवर दिसायला दोन दिवस लागत, त्यामुळे बघून काही कळण्याची सोय नव्हती.

"नायगार्डसाहेबांना ठेव," तिची खोलीतली मैत्रीण शॅनन म्हणाली. "ऑस्टबींना आपल्या या डुलुथ शहराबाहेर कुत्रं तरी ओळखतं का?"

"पण त्यांना सांगू कसं?"

"तोंडाने सांग. यंदा रेसिडेन्सी नाही मिळाली तर मग वर्षभर माझ्याजवळ रडत बसशील."

ब्रिटा ऑस्टबींकडे गेली. आधी हवेवर बोलणं झालं, मग तळ्यावर, मग यंदाच्या मासळीवर. चाळीस मिनिटांनी तिला घाम फुटला.

"सर, तुम्हाला कामं खूप असतात... पत्राचा उगाच त्रास घेऊ नका."

ऑस्टबींनी चष्मा पुसला. "बरं. ठीक आहे."

"वाईट नाही ना वाटलं?"

"छे गं. कॉफी घेतेस?"

आमच्याकडे 'ठीक आहे'चे दहा अर्थ होतात आणि त्यातले नऊ वाईट असतात. ब्रिटाला रात्रभर झोप आली नाही.

शुक्रवारी दुपारी दोनला ती नायगार्डांना पत्राची आठवण करून द्यायला गेली. साहेब तिला बघून उठून उभे राहिले.

"ये ये. तू म्हणजे... कयाक चालवतेस ती."

"ती कर्स्टन, सर. मी ब्रिटा."

"हां, ब्रिटा. बस. हवा बरी आहे आज." ते पेपरवेट फिरवत राहिले. "पत्र मी लिहीन हं. लिहिणारच. फक्त दुसरं कुणी लिहिणारं असेल, तर मला अजिबात राग येणार नाही."

"सर, तुम्हाला लिहायचं नाहीये का?"

"तसं नाही. पण काय लिहू? वेळेवर येते, एवढंच सुचलंय. मे महिन्यातच नाही म्हणायला हवं होतं. पण तू दारात लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन उभी. कसं म्हणणार?"

वेळेवर येते. एवढ्या मोठ्या सहीच्या वर एवढंच लिहिलेलं असणार होतं. "राहू दे सर," ब्रिटा म्हणाली. साहेबांचा चेहरा असा उजळला, की तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते. ऑस्टबींनी हवेचा विषय काढला. मग तळ्याचा. घड्याळात चार वाजले. ब्रिटाने अजून पत्राचं नाव काढलं नव्हतं.

"पत्राचं ना?" शेवटी तेच म्हणाले. "ते मी बुधवारी संध्याकाळीच पाठवलं."

"पण काल मी... मग काल बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, त्रास घेऊ नका. तोवर घेऊन झाला होता. एवढी अवघडली होतीस, म्हटलं, तुला आणखी कशाला अवघडवायचं."

म्हणजे तिसरी जागा भरलेली होती. साहेबांनी पत्र लिहिलं असतं तरी ते आत शिरलं नसतं.  ब्रिटाच्या जिवात जीव आला तशी लाजही आली.

"काय लिहिलंत, ते विचारू का?"

"पत्र वाचायचा हक्क तू अर्जातच सही करून सोडलायस. पण सांगतो, कारण त्यात एक चूक झालीय." त्यांनी चष्मा काढला. "नजर अधू झालेल्या, तुझ्या आजोबांच्या वयाच्या त्या ट्रकवाल्याला तू सांगितलंस ना, की काका, आता गाडी चालवायची नाही? मी कचरत होतो, तू सांगितलंस. म्हणून लिहिलं, ही मुलगी समोरच्याला खरं ते तोंडावर सांगते. आणि कालचं तुझं ते बोलणं ऐकलं."

ब्रिटाने मान खाली घातली.

"पाठवलेलं पत्र आता बदलता येत नाही," ऑस्टबी म्हणाले. "तेव्हा तूच बदल."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "काल मी तुमचं पत्र काढायला आले होते, सर. साहेबांचं नाव मोठं म्हणून. चुकलं माझं."

"माहितीये. ठीक आहे," ते म्हणाले. हा दहावा अर्थ होता.

टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं ताट होतं आणि त्यात एकच वडी उरली होती. शेजारी सुरी ठेवलेली होती. ब्रिटाने सुरी बाजूला सारली आणि वडी अख्खी उचलून खाल्ली.