भिंगरीवरील पनवतीचा कलंक निवारिला, त्याची हकीकत

लेखनापूर्वी विदित व्हावे की, मोठ्या लढायांचे वृत्तांत लिहिणारे पुष्कळ. परंतु शाळेच्या मैदानावर एका सामनेवहीच्या आधारे जी मोहीम जाहली, ती लिहून न ठेविल्यास पुढील लेकरांस कळावी कैसी? सबब घडले तैसे लिहिले. शंका येईल त्या लेकराने बेरीज स्वतः करून पाहावी.

तर मुलींच्या फुटबॉल फौजेचे सरसेनापती क्रीडाशिक्षक शिट्टीबहाद्दर, मोठे करारी. आणि त्यांचे पदरी भिंगरी नामे सातवीतील शिपाई, पाय ऐसे चपळ की चेंडूसच धाप लागावी. या मोसमात भिंगरी नऊ सामन्यांत उतरली, आणि नऊही गेले. उतरली नाही ते सहा, सहाही फत्ते. मग फौजेत कुजबूज उठली, आणि कुजबुजीचा बोभाटा जाहला, आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी तीन दिवस हुकूम सुटला की, भिंगरीने चुन्याच्या रेषेआत पाऊल टाकू नये, पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्या.

भिंगरी घरी आली आणि बूट पलंगाखाली भिरकावून बसली. "आत्या, मी पनवती आहे. नऊपैकी नऊ! आकडे खोटं बोलतात का गं?"

आत्यासाहेब म्हणजे इस्पितळाच्या नोंदणी दफ्तराच्या तीस वर्षांच्या कारभारीण. त्यांनी भाचीस जवळ बसविले. परंतु मायेपोटी आकडा खोटा म्हणणे हे त्यांचे इमानात बसेना. म्हणोन त्यांनी सवाल केला, "तुला उतरवतात कधी?"

"दोन गोल चढले की. सर म्हणतात, आता आणखी काय बिघडणार आहे, जा!"

हे ऐकताच आत्यासाहेबांनी चष्मा पुसला. तो पुसला म्हणजे स्वारी निघणार, हे घरात सर्वांस ठाऊक.

दुसरे दिवशी हवा गेलेले चेंडू आणि ओले मोजे यांचे मुलखातून वाट काढीत त्या सरसेनापतींच्या खोलीत दाखल जाहल्या, आणि सामनेवही तलब केली. समासात प्रत्येक गोलाचे आणि बदली खेळाडू उतरल्याचे मिनिट खुद्द शिट्टीबहाद्दरांचे अक्षरात होते. परंतु त्यांनी आजवर वाचला तो फक्त शेवटचा निकाल. मग आत्यासाहेबांनी भिंगरी येण्यापूर्वीचे गोल लाल पेन्सिलीने आणि नंतरचे निळ्या पेन्सिलीने रेखिले. पूर्वी आपले दोन, शत्रूचे तेवीस. नंतर आपले सात, शत्रूचे तीन.

"सर, आमच्याकडे सर्वांत जास्त माणसं अतिदक्षता विभागात दगावतात. मग लावू का त्याला कुलूप?"

"अहो बाई, काहीतरीच काय! तिथे नेतातच मुळी अत्यवस्थ माणसाला."

"आणि भिंगरीला?"

शिट्टीबहाद्दरांनी वही पुढे ओढून लाल-निळ्या खुणा स्वतः मोजल्या. मग म्हणाले, "म्हणजे ही उतरली की आपण जिंकणारच?"

"तसं मी कुठं म्हटलं? शेवटी शेवटी समोरच्या पोरीही दमलेल्या असतील. पहिल्यापासून खेळवा, मोजा, मग बोलू."

येणेप्रमाणे मसलत होऊन नवे फर्मान सुटले की, भिंगरीने पहिल्या मिनिटापासून आघाडी सांभाळावी.

मोसमाचा शेवटचा सामना जाहला. भिंगरीने एक गोल चढविला, शत्रूने दोन. सामना गेला. भिंगरी बुटांकडे पाहत उभी राहिली, आणि गोलरक्षक पुटपुटली, "झाले ना दहा?"

तोच शिट्टीबहाद्दर गरजले, "ए शहाणे! एका सामन्यावरून काय ठरतं? वही आणा!"

आणि पुढील मोसमाच्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वहस्ते पहिले नाव भिंगरीचे लिहिले, आणि पुढे मिनिट लिहिले : शून्य.

सामना हातचा गेला, मोहीम फत्ते जाहली. भिंगरीने बूट पुसून दाराशी नीट जोडीने ठेविले, हे आत्यासाहेबांनी समक्ष पाहिले. सबब येथे नोंद केली असे.