खालच्याचं ऐकणारे अण्णा

आमच्या टॉवेल कारखान्यातले नरसय्या अण्णा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्या डब्यावर तळहात ठेवतात, लहान मुलाचा ताप बघावा तसा. मग कान लावतात. मग कुठं बटण दाबतात.

मी ऑफिस सांभाळते. तऱ्हेवाईक माणसं मी बरीच पाहिली, पण यंत्राशी तेलुगूत बोलून त्याचं उत्तर मला मराठीत सांगणारा हा एकच.

अण्णांच्या मते प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये दोघं राहतात, खालचा आणि वरचा. खालचा म्हणजे बोर्डातच बसवलेलं फर्मवेअर. पंखा, वीज, ताप यांची खबर त्याला. वरचा म्हणजे पडद्यावर नटूनथटून बसलेली सिस्टिम. दोघांची भाषा वेगळी. मध्ये दुभाषा लागतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर.

“लई सोपं हाय की म्याडम. सासू कन्नड, सून तेलुगू. मधी कोन तरी पायजेच.”

हे शास्त्र ते कशालाही लावतात. चहा पांचट झाला, की “दुधाचं पत्तीशी बोलनं न्हाई.” माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरच्या आधी निदान त्यांचंच आलं, “खालच्याचं वरच्याला कळंना झालंय.”

मागच्या महिन्यात मालकांनी जुन्या सर्व्हरवर नवी सिस्टिम टाकून घेतली. खालच्याला वरून उत्तरच मिळेना. त्यानं घाबरून सगळे पंखे पुऱ्या वेगानं सोडले. ऑफिसात विमान उतरतंय असा आवाज. मालक कानावर हात ठेवून ओरडले, “शनिवारपर्यंत गप्प करा, न्हाईतर भंगारात घाला!”

मला ते पटलं. अण्णांचा चेहरा मात्र पार उतरला. ते गॅलरीत धावले आणि खाली स्टोअरकडे बघून ओरडले, “ड्रायव्हर पायजे! जुना! ह्या मशीनला चालनारा!”

पाच मिनिटांत वॉचमननं टेम्पोवाल्या मौलाला वर पाठवलं. मौला किल्ली फिरवत दारात उभा.

“किधर जाना, अण्णा?”

“खालून वर.”

“माल कित्ता है?”

“माल न्हाई रं, नुसता निरोप हाय.”

मौलानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला चहा पाजून परत धाडलं.

अण्णा जेवणाचा डबा उघडायचं विसरून तीन दिवस जुन्या फाइली उपसत बसले. शनिवारी सकाळी एकदाचा खरा ड्रायव्हर सापडला. पंखे असे शांत झाले, की खालच्या मजल्यावरच्या मागांची खटखट ऐकू यायला लागली. खालच्यानं आपली सगळी माहिती भराभर वर पाठवली: ताप किती, पंखे किती, बोर्डाचा नंबर. शेवटी, मशीनच्या मालकाचं नाव. तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, येल्लम्मा.

“ही कोण हो?”

अण्णा वायर गुंडाळत राहिले. “आई. हितंच सुताच्या कांड्या भरायची, डोळं जाईपर्यंत. हजेरीबुकात नाव कदी चढलंच न्हाई. हे मशीन नवं आलं तवा मालकाचं नाव इचारलं खालच्यानं. मी घातलं. वरचं कितीबी पुसा म्याडम, हे ऱ्हातंय.”

जिन्यावर पावलं वाजली. पंखे गप्प झाल्याचं ठाऊक नसलेले मालक, आणि मागे खांद्यावर दोरी टाकलेला भंगारवाला.

मी खुर्ची सरकवून सर्व्हरच्या पुढ्यात उभी राहिले.

“हे विकता येणार नाही,” मी म्हटलं. “मालकीणबाईंची सही लागेल.”