धुतलेला भाव

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी शेजारचे नामदेवभाऊ गराडे शुभेच्छा द्यायला आले. दारातच पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "तुमच्या लग्नादिवशी कंपनीचा शेअर चारशे बाराला बंद झालता. दुसऱ्या दिवशी तीनशे अठ्ठ्याण्णव."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून घसरण सुरू झाली, हे तिला इतकी वर्षं कुणी आकड्यानिशी सांगितलं नव्हतं.

'कंपनी' म्हणजे आंबीजवळचा पंपांचा कारखाना. भाऊ तिथूनच निवृत्त झाले. क्वालिटी खात्यात होते. तीस वर्षं पंपाच्या दांड्यांची मापं घेतली. जगात शेअर हजारो असतील, भाऊंच्या लेखी एकच. त्याचा गेल्या तीसेक वर्षांतला रोजचा भाव त्यांनी छापून पाच जाडजूड फायलींत लावला आहे. तळेगावच्या आमच्या सोसायटीत बारसं असो, गृहप्रवेश असो, भाऊ येणार, तारीख विचारणार आणि भाव सांगणार. रविवारी जन्मलेल्यांना शुक्रवारचा भाव मिळतो, कारण बाजार बंद. एकदा तर तेराव्याला आले होते. तिथंही सांगितला. भाव चढलेला होता, म्हणून घरच्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

आणि एवढं सगळं करून या माणसाकडे त्या कंपनीचा एकही शेअर नाही.

आमच्या सोसायटीत उद्याचा भाव माहीत असलेले निदान पंधरा विद्वान आहेत. कालचा माहीत असलेले हे एकटेच. साहजिकच कुणी त्यांना विचारत नाही. चेअरमननी एकदा विचारलं, "भाऊ, पुढं वर जाईल का खाली?"

"पुढचं ज्योतिषाला इचारा. मी मागचं बगतो."

"मग मागचं बघून उपयोग काय?"

"मागं काय झालं ते तरी नीट कळतं."

चेअरमननी हे उत्तर इतक्या वेळा नक्कल करून दाखवलं, की मूळ उत्तर मी ऐकलं होतं का नक्कल, हेच मला आता आठवत नाही. नक्कल मीही करायचो. चांगली करायचो.

तरी गणपतीत एका वर्षी वक्त्यानं आयत्या वेळी दगा दिला, म्हणून भाऊंना उभं केलं. ते एक तास बोलले. भाव म्हणजे एक आकडा नसतो, रोजचे चार असतात, 'उघडला, चढला, पडला, मिटला'. आणि हिशेबाला शेवटचा धरायचा. हे सांगेपर्यंत निम्मा मंडप मिटला होता. मग त्यांनी आपला लाडका विषय काढला: धुतलेला भाव.

तो मला समजला तो चिक्कीमुळं. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर असतो. धुकं किती वाजता येतं, हे पर्यटकांना सांगणं हे माझं मुख्य काम. येताना कधी चिक्की आणतो. एकदा चेअरमननी मोबाइल पुढं करून हळहळ व्यक्त केली, "बघा, त्या साली हा शेअर फक्त चाळीस रुपयांना होता. घेतला असता तर?"

भाऊंनी माझ्या हातातल्या चिक्कीची वडी घेतली. "ही वडी दहा रुपयाची. मी हिचे दहा तुकडे केले. आता एक तुकडा कितीचा?"

"एक रुपयाचा."

"मग काल वडी एक रुपयाला मिळत हुती, असं म्हनाल का? कंपनीनं आधी एकावर एक शेअर फुकट वाटला. मग एकेकाचे पाच केले. एकाचे झाले दहा. मालक त्योच, माल तेवढाच. ह्ये मोबाइलवाले काय करत्यात, मागचे सगळे भाव दहानं भागून दाखवत्यात, म्हंजी आलेखात खड्डा दिसत न्हाई. धुऊन इस्त्री केलेला भाव हाय त्यो. त्या दिवशी मानसानं खिशातनं दिलेला भाव येगळा. त्यो कच्चा. माझ्या फायलीत कच्चा हाय."

चेअरमन म्हणाले, "म्हणजे त्या वेळी चारशे होता?"

"चारशेच."

"मग नाही घेतला तेच बरं," असं म्हणून त्यांनी चिक्कीचे नऊ तुकडे खाल्ले.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आंबीच्या शांतामावशी आमच्या गेटवर भाजी आणतात, त्या आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या, तर मेथीची जुडी देऊन पैसे न घेताच निघाल्या. माझ्या बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं ते असं.

मावशींचे यजमान तुकारामअण्णा त्याच कारखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी वारले. नोकरी सोडताना मिळालेल्या पैशांतले चौसष्ट हजार कंपनीच्या शेअरमध्ये घातले, असं ते घरात सांगायचे. दहा दिवसांपूर्वी ट्रंकेत शंभर शेअरचा कागद सापडला. थोरल्या मुलानं, संतोषनं, मोबाइलवर त्या तारखेचा भाव काढला. चौसष्ट रुपये. म्हणजे शंभराचे सहा हजार चारशे. उरलेले साडेसत्तावन्न हजार कुठं गेले? घरात कुजबुज झाली. तळेगावात त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं, असं एका जावेनं सांगून टाकलं. अशा बातमीला पुरावा लागत नाही. मावशींनी भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून ट्रंकेमागं ठेवला होता.

"त्या शेरवाल्या भाऊंना घेऊन जा," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मी भाऊंना स्कूटरवर मागं बसवलं. खरं सांगायचं तर करमणूक होईल म्हणून गेलो.

मावशींच्या घरी संतोष खुर्चीत बसला होता, मावशी उंबऱ्याजवळ. भाऊंनी चहाला नको म्हटलं आणि कागद मागितला. सोबत दलालाची पावतीही होती. कुणी ती वाचली नव्हती.

"ह्ये बगा भाऊ," संतोष मोबाइल पुढं करून म्हणाला, "त्या दिवशी चौसष्ट. कंपनीच्या नावावर लिवलंय. ह्ये काय खोटं बोलतंय व्हय?"

"खोटं न्हाई. धुतलेलं हाय."

मला हसू आलं होतं. पण भाऊ हसत नव्हते. त्यांनी पिशवीतून आणलेली फाईल उघडली, तारखांवरून बोट खाली आणलं आणि पान संतोषच्या मांडीवर ठेवलं. सहाशे चाळीस. पावतीवरही सहाशे चाळीसच. मग मावशींकडून एक भाकरी मागून घेतली आणि तिचे आधी दोन, मग एकेकाचे पाच असे तुकडे ताटलीत मांडून दाखवले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मंडपात तासभर बोलणारा माणूस इथं पाच मिनिटांत थांबला.

"तुझ्या बापानं चौसष्ट हजार म्हनलं, त्ये चौसष्ट हजारच हुते," ते म्हणाले. "आन् आता शंभर न्हाईत, हजार हायेत. बाकीचे कागद जुन्या पत्त्यावर गेले असतील. अर्ज करावा लागंल. त्यो मी लिवून देतो."

हजार म्हटल्यावर संतोषनं मोबाइल उचलून गुणाकार सुरू केला. मावशींनी त्याचा आकडा विचारला नाही.

"म्हंजी खोटं न्हाई बोलले?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मावशी. एका रुपायाचं बी न्हाई."

मावशी आत गेल्या. ट्रंक सरकल्याचा आवाज आला. फोटो घेऊन बाहेर आल्या, पदरानं काच पुसली आणि खिळ्याला लावला. लावताना तिरका लागला, तो संतोषनं उठून सरळ केला. मग तो मोबाइल खिशात घालून तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

परत येताना इंद्रायणीच्या पुलाअलीकडं चहाला थांबलो. मी सवयीनं टोमणा मारला, "भाऊ, एवढं जमतं तर आयुष्यात एखादा शेअर घ्यायचा होता."

"घेतले हुते ना. पन्नास. दादानं घेतले हुते, माज्या पैशानं."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते. इतक्या वर्षांत मला ते असल्याचंच माहीत नव्हतं. भाऊ कपाकडे बघत सांगत होते. मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून दादांना शेअर विकायला सांगितलं. आठवड्यापूर्वी पेपरात भाव सहाशेच्या वर होता. दादांनी आणून दिले ते तीनशेच्या भावानं. म्हणाले, कंपनीनं एकावर एक दिलाय, भाव निम्मा झालाय, उरलेले पन्नास महिन्यानं जमा होतील.

"मला पटलं न्हाई. लोकांत बोललो, दादानं खाल्लं म्हनून. म्हैन्यानं त्यानं उरलेले आनून दिले, तर मी म्हनलो, पकडला गेला म्हनून दिलं. त्ये बी इकून टाकले. बारा वर्सं बोललो न्हाई त्याच्याशी."

"मग?"

"रिटायर झालो. पोरीनं मोबाइल घेऊन दिला. म्हनलं, त्या दिवशीचा भाव काढू आन् दादाच्या तोंडावर मारू. त्यासाठी तर शिकलो ह्ये सगळं." त्यांनी पिशवीतली फाईल उगाच सारखी केली. "भाव निघाला. दादा बराबर हुता. पैशाला पैसा बराबर."

"गेलात त्यांच्याकडं?"

"गेलतो. फाईल घेऊन. सगळं समजावून सांगितलं. त्यानं पान बी उलटलं न्हाई. म्हनला, 'नाम्या, कागदावरनं कळलं व्हय तुला? माझ्यावरनं न्हाई कळलं?'"

चहावाल्यानं कप उचलले. भाऊ पुढं म्हणाले, "आता जातो म्हैन्याला. 'ये' म्हनतो, 'बस' म्हनतो. च्या देतो. जेवून जा म्हनत न्हाई."

मी स्कूटर सुरू केली. भाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नाशिकला. डबा येतो. आमची दारं समोरासमोर आहेत आणि त्यांच्या डब्यात कुठल्या वारी कोणती भाजी येते, हे आम्हाला पाठ आहे.

सोसायटीत स्कूटर लावली. भाऊ पिशवी खांद्याला लावून त्यांच्या दाराकडं वळले.

"भाऊ," मी म्हणालो, "आमच्याकडं जेवून जा."

त्यांनी हातातली किल्ली खिशात ठेवली. मग पिशवी आपल्या दाराच्या कडीला अडकवली, चपला काढल्या आणि आमच्या घरात आले.